एमोस यार्नेलच्या घराच्या सह्या

लॉडर्स फेरी, ओहायो
१९ मार्च २०२०

ती. लोर्नाआत्यास,
थियाचा दुरूनच, पण वाकून केलेला सा. न. वि. वि.

काल तुझ्या वृद्धाश्रमाच्या, ग्रीनलोच्या दारापर्यंत आले आणि तशीच परत गेले. काचेवर कागद चिकटवलाय, की पुढे कळवेपर्यंत बाहेरच्या कुणालाही आत सोडणार नाही. तुझ्यासाठी केलेला लिंबाचा केक तुमच्या नर्सने, फिलिसने, दारातूनच घेतला. तिला विचारलं, की निदान आत्याला खिडकीशी आणता का, तर बिचारी म्हणाली, आज राहू दे, आम्हालाच अजून काही समजत नाहीये. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरून घेतेस. तेव्हा आता पत्रंच बरी.

ऑफिसचं सांगते. तुला वाटत असेल की घरांच्या खरेदीविक्रीचे कागद करायचं आपलं काम ठप्प झालं, तर उलट आहे. कर्जाचे दर खाली आलेत, म्हणून ज्याला-त्याला जुनं कर्ज फेडून नवं काढायचंय. शिवाय ज्यांनी हिवाळ्यात घरं ठरवली त्यांच्या भाड्याच्या जागांची मुदत संपत आलीय. त्यांना कसं सांगणार, की थांबा म्हणून? पण परवा एका व्यवहाराला आपल्या गोल टेबलाभोवती विकणारे, घेणारे, दोन्हीकडचे एजंट आणि कुणाची तरी खोकणारी मावशी अशी सगळी दाटीवाटीने बसली, आणि माझं कागदांवर लक्षच लागेना. मी नुसती सगळ्यांच्या नाकातोंडाकडे बघत होते. मागे व्हर्ना चहाकॉफी घेऊन उभी. तिच्या नवऱ्याची, हॉवर्डची फुप्फुसं किती नाजूक आहेत ते तुला माहीत आहे. इथून ती काही घेऊन घरी गेली तर? त्याच दिवशी तिला कॉम्प्युटर देऊन घरी पाठवलं. मालकी हक्काचे जुने दाखले ती घरून तपासेल. जाताना ती रडली, मग मी रडले, आणि मिठी मारायची नाही हे आठवून दोघी लांबूनच हात हलवत बसलो.

आता ऑफिसात मी आणि टेबल. माझ्या डोक्यात एक विचार आहे. लोकांनी आत यायचंच नाही. आपापल्या गाडीत बसायचं, आणि मी पार्किंगमध्ये खिडकीशी जाऊन सह्या घ्यायच्या. तुला काय वाटतं? का सरळ कुलूपच लावू?

तुझा लोभ आहेच, तो या काचांच्या आतूनही पोचू दे.
तुझी थिया


ग्रीनलो
२५ मार्च

चि. थियास, अनेक उत्तम आशीर्वाद आणि थोडी बोलणी.

तुझं पत्र इथे एक दिवस टेबलावर निजवून ठेवलं होतं, मग मला दिलं. केकलाही तसंच निजवलं. सकाळी बघतो तर त्याच्या एका बाजूची साखर गायब. फिलिस म्हणते, की साखर विरघळली असेल. तिच्या हनुवटीवर विरघळली होती.

कुलूप लावू नकोस. घर बदलणारा माणूस अधांतरी असतो. मागचं दार बंद झालेलं, पुढचं उघडलेलं नाही. त्याला तसं लटकत ठेवणं बरं नाही. व्हर्नाला घरी पाठवलंस ते उत्तम केलंस.

पण पार्किंगमध्ये सह्या? अगं, हॅम्बर्गर विकतात तशी घरं विकणार का आता? खिडकीतून घर द्यायचं आणि वर विचारायचं, सोबत बटाटे हवेत का? मी ते टेबल गोल का घेतलं होतं ठाऊक आहे? विकणाऱ्याने घेणाऱ्याचं तोंड बघावं म्हणून. अर्ध्याअधिक लोकांना तिथे बसल्यावरच कळतं की आपण खरंच घर सोडतोय. एकदा एक बाई पेन उचलून दहा मिनिटं नुसती बसली होती. मी तिला बसू दिलं. गाडीत मागून दुसरी गाडी हॉर्न वाजवत असताना कोण कुणाला बसू देणार?

असो. तू तिथे आहेस, मी इथे आहे. जे सुरक्षित असेल ते कर. म्हातारीने कुरकुर करायची असते, ती केली.

इथली बातमी म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीत एमोस यार्नेल आलाय. ज्याचं मेन स्ट्रीटवर केस कापायचं दुकान होतं तो. तुझ्या बाबाचे केस जन्मभर त्यानेच कापले. जानेवारीत बर्फावर पडला, कंबर धरली. जेवायला आता सगळे आपापल्या दारात खुर्ची टाकून बसतो, त्यामुळे तो आणि मी कॉरिडॉरभर ओरडून गप्पा मारतो. मला एवढं एकच माणूस धड ऐकू येतं.

हात धू. जेव. माया कमी झाली असं वाटलं तर कळव, आणखी पाठवीन.
लोर्नाआत्या


लॉडर्स फेरी
४ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हॅम्बर्गरचं दुकान सुरू झालं, आत्या! बटाटे मात्र ठेवलेले नाहीत.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. नदीकडून असा वारा सुटला, की एका कर्जाचा करारनामा माझ्या हातातून उडाला आणि मी रेनकोट फडफडवत त्याच्यामागे पार धक्क्यापर्यंत धावले. गाडीतले नवराबायको टाळ्या वाजवत होते. आता कागद लाकडी फळीला दोन्हीकडून चिमटे लावून देते. आधी काच बंद ठेवून ओळखपत्र काचेला टेकवायला सांगते. मग फळी आत सरकवते, तीन पावलं मागे सरते आणि ओरडून एकेक पान समजावते. पेन ज्याचं त्यालाच देऊन टाकते. व्हर्नाने पडद्याच्या कापडाचे मास्क शिवून पाठवलेत. माझ्या मास्कवर सूर्यफुलं आहेत. संध्याकाळी घसा असा बसतो, की घरी मांजरालाही खुणेनेच हाक मारते. फक्त व्हिडिओवर सही करणारेही आहेत. ते मी ऑफिसात एकटी बसून उरकते.

आता कामाचं, आणि ते तुझ्या शेजाऱ्याचंच आहे. एमोसकाकांचं क्वारी स्ट्रीटवरचं घर विकायला निघालंय. घेणारे डेरेल आणि इमानी प्रूइट. तो किराणा मालाच्या गोदामात काम करतो, ती शाळेत स्वयंपाक करते, आणि एक लहान मुलगी आहे, विला. त्यांची भाड्याची जागा सुटलीय, सध्या इमानीच्या बहिणीच्या तळघरात राहतात. बहिणीला दमा आहे आणि डेरेल रोज गोदामातून येतो. तो बाहेरच्या नळावर अंघोळ करून मग आत जातो म्हणे, या थंडीत. त्यांना लवकर आपलं घर मिळायला हवं.

विक्रीचं सगळं काकांचा मुलगा क्लेटन बघतो. अडलंय ते काकांच्या सहीवर. बाहेरच्या नोटरीला ग्रीनलो आत घेत नाही, खिडकीतून कागदांची देवाणघेवाणही करू देत नाही. मुलाला मुखत्यार करायचं म्हटलं तरी त्यालाही नोटरी हवाच. व्हिडिओवर करून बघितलं, तर ओळख पटवायला मशीन जुने पत्ते वगैरे विचारतं, आणि काका प्रत्येक प्रश्नाला एक गोष्ट सांगत बसले. वेळ संपून मशीन बंद पडलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा म्हणाले, की या डबड्याला स्वतःला काही आठवत नाही, मलाच विचारतंय.

मग काल मला आठवलं, की गेल्या वर्षी तू नोटरीचा परवाना नवा करून घेतलास. मी तेव्हा तुला हसले होते, की निवृत्त बाईला शिक्का कशाला. तो चालू आहे ना? विचारायला जीव होत नाही, आत्या. पण तुमच्या बाजूला अजून कुणी आजारी नाही असं फिलिस म्हणते. काचेच्या खोलीत, लांब-लांब बसून होईल का? तुला जराही नको वाटलं तर नाही म्हण. मी दुसरं काही बघीन.

तुझीच, हाक मारायची भीती वाटणारी,
थिया


ग्रीनलो
९ एप्रिल

चि. थियास अनेक आशीर्वाद.

नको कशाला वाटेल? पत्र वाचल्यावर मी आधी केस विंचरले. इथे आल्यापासून मला सगळे विचारतात ते एवढंच, की औषध घेतलं का आणि झोप लागली का. कुणीतरी काम विचारलं, थिया. शिक्का माझ्या पर्समध्येच असतो. तो चांगला चालू आहे, माझ्या गुडघ्यांपेक्षा चांगला.

धंदा मी तुझ्या नावावर केव्हाच केलाय, त्यामुळे माझ्या शिक्क्याला कुणी हरकत घेणार नाही. एमोसला चाळीस वर्षं ओळखते, तेव्हा त्याची ओळखही मला मशीनला विचारायला नको. इथल्या मुख्य बाईंशी बोलले. त्या म्हणतात, की काचेची खोली सकाळी रिकामी करून देऊ, खिडक्या उघड्या, लांब टेबलाच्या दोन टोकांना दोघं, तोंडाला मास्क. कागद पाकिटात घालून पाठव, इथे एक दिवस ते निजतील आणि मग उठतील. दोन पेनं ठेव. माझ्यासाठी निळ्या शाईचं.

एमोसला मी काही बोलले नाही. कामाचं कामाच्या वेळी. बुधवारी सकाळी उरकून टाकते.

तुझ्यावर लोभ होताच, आता भरवसाही वाढलाय.
लोर्नाआत्या


ग्रीनलो
बुधवार, १५ एप्रिल

चि. थियास आशीर्वाद.

फिलिसने तुला फोनवर कळवलंच असेल, की मी शिक्का मारला नाही. का, ते तिला नीट सांगता आलं नसणार. मीच लिहिते.

एमोस चांगला शर्ट घालून आला होता. मी नेहमीसारखं विचारलं, की हा कागद कसला आहे माहीत आहे ना. म्हणाला, हो तर, छपराच्या विम्याचा. क्लेटनने सांगितलंय, सही केली की गळतं छप्पर दुरुस्त करून मिळेल, मग मे महिन्यात मी घरी गेलो की कोरड्यात झोपीन.

मी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. तेच उत्तर. माणूस अगदी शुद्धीत आहे, थिया. त्याला आजचा वार ठाऊक होता, माझ्या एका बाजूच्या केसांवर कात्री कुणी वाकडी चालवली तेही ठाऊक होतं. फक्त आपलं घर विकलं जातंय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

ते मी सांगायचं का? माझी जीभ उचलेना. आणि ते सांगणं माझं कामही नव्हतं. मी म्हटलं, कागदात एक गोष्ट राहिलीय, ती आल्याशिवाय सही नको. शिक्का पर्समध्ये ठेवला. तो म्हणाला, बरं झालं, मलाही ती अक्षरं बारीक वाटत होती. मग आम्ही खिडकीतून पक्षी बघत बसलो.

त्या मुलीला तळघरात राहावं लागेल, तिच्या बापाला नळावर अंघोळ करावी लागेल, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. तरी ज्याला माहीत नाही त्याची सही मी घेणार नाही. तू रागावली असशील तर रागाव. क्लेटनला म्हणावं, बापाला स्वतः येऊन सांग. पूर्वेकडची खिडकी हातभर उघडते.

माया आहे तेवढीच आहे.
लोर्नाआत्या


लॉडर्स फेरी
१९ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

रागावले होते. खोटं कशाला सांगू? फिलिसचा फोन आला तेव्हा प्रूइट मंडळी पार्किंगमध्ये होती, मागे भाड्याचा ट्रक सामानाने भरलेला, आणि विला खिडकीला नाक लावून मला वेडावत होती. मी मनात म्हटलं, आत्याला काय जातंय शिक्का मारायला! मग त्यांच्या खिडकीशी गेले. आज होणार नाही एवढं सांगितलं. इमानीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. डेरेलने विचारलं, की म्हाताऱ्यांना काही झालं का. मी म्हटलं, तब्येत चांगली आहे, पण त्यांना विक्रीचं नीट सांगितलेलं नव्हतं. तो म्हणाला, माझ्या आजीलाही असंच दोन दिवसांसाठी म्हणून वृद्धाश्रमात नेलं होतं. ती रोज बॅग भरून बसायची. आम्हाला असं घर नको, बाई, आम्ही थांबतो.

आत्या, तिथे माझा राग गेला.

संध्याकाळी क्लेटनकडे गेले. मी अंगणात, तो ओट्यावर. आधी मला खूप बोलला. तुम्हाला सही घ्यायला सांगितलं होतं, चौकशी करायला नाही, तुमची आत्या कोण लागून गेली, असं काय-काय. मी सूर्यफुलांच्या मास्कमागून ऐकून घेतलं. मग तो पायरीवर बसला. म्हणाला, त्यांना पुन्हा एकट्याने राहता येणार नाही असं डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं. घर विकल्याशिवाय ग्रीनलोचा खर्च झेपणार नाही. रोज ठरवायचो, की आज सांगतो. मग दारंच बंद झाली आणि मला सुटल्यासारखं झालं. एवढं बोलून हा एवढा मोठा, ट्रक चालवणारा माणूस हुंदके द्यायला लागला, आणि मला त्याच्या खांद्यावर हातही ठेवता येईना. मी आपली अंगणातूनच हं, हं, करत राहिले.

तो मंगळवारी येईल. तू जवळपास असशील ना?

तू बरोबर होतीस हे लिहायला हात जड जातो, तरी लिहिते.
तुझी थिया


ग्रीनलो
२९ एप्रिल

चि. थियास अनेक आशीर्वाद, आणि सोबतच्या पाकिटात जे आहे ते जपून उघड.

क्लेटन आला. एमोसने हट्ट धरला, की लोर्नाही खोलीत बसेल. मी कोपऱ्यात बसले आणि कानांतली यंत्रं काढून ठेवली. म्हटलं, बापलेकांचं आहे, आपण ऐकू नये. पण डोळे कुठे काढून ठेवणार? क्लेटन खिडकीबाहेर गवतात उभा, टोपी हातात. बराच वेळ बोलला. एमोस हलला नाही. मग त्याने खिडकी ओढून घेतली. कडी लावलीन् आणि खोलीत निघून गेला.

तीन दिवस जेवायला दारात खुर्चीच टाकली नाही. मी कॉरिडॉरमधून ओरडायचे, एमोस, आज सूप बरं आहे. वाटी त्याच्या दाराबाहेर तशीच राहायची. क्लेटन मात्र रोज येऊन गवतात उभा राहायचा. चौथ्या दिवशी एमोस खिडकीशी गेला, उघडली आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? ही डोक्यावर झाडी कसली वाढवलीयस? लाज नाही वाटत, कुणाचा मुलगा आहेस! दुसऱ्या दिवशी क्लेटन कात्री आणि आरसा घेऊन आला. हा आतून सांगतोय, कानामागे बोट धर, तिरकं, अरे तिरकं म्हणजे काय कळतं का, आणि तो गवतात बसून स्वतःचे केस कापतोय. मागचा भाग असा झाला, की फिलिसने हसता-हसता भिंत धरली. एमोसही हसला. मग रडला. मग विचारलंन्, की घर घेतंय कोण.

त्याला ती माणसं बघायची होती. तू त्यांना रविवारी पाठवलंस ते फार चांगलं केलंस. गवतावर चादर टाकून बसली तिघं. एमोसने सांगितलं, की छप्पर स्वयंपाकघरावर गळतं, ते लपवायचं नाही म्हणून मीच सांगतो. तळघरातली दुकानाची खुर्ची फिरते, मुलीचं बोट सांभाळा. इमानीने वहीत लिहून घेतलं. मग त्याने डेरेलला मागे वळायला लावलं आणि विचारलं, की हे केस कुणी कापले. बायकोने म्हटल्यावर बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिला. म्हणाला, हात चांगला आहे, मुली. दुकान असतं तर ठेवून घेतलं असतं.

काल सकाळी काचेच्या खोलीत बसलो. मी विचारलं, हा कागद कसला आहे? तो म्हणाला, माझं घर प्रूइटांना विकल्याचा. मी विकतोय. सही केली, अक्षर अजून सुरेख. मी शिक्का मारला. मग आम्ही दोघांनी फिलिसकडून कोको मागवला आणि खोलीच्या दोन टोकांना बसून प्यायलो.

लोभ वाढता असू दे, माझा तर काल फार वाढला.
लोर्नाआत्या


लॉडर्स फेरी
१६ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र नाही तुझं. फिलिसने सांगितलं, की तुला ताप आहे आणि तुमच्या बाजूच्या बऱ्याच जणांना आहे, एमोसकाकांनाही. रोज फोन करते. रोज म्हणतात, आहे तसंच आहे.

तू वाचशील तेव्हा वाच. प्रूइट राहायला गेले. किल्ली देताना विला म्हणाली, मलाच द्या, तर तिच्याच हातात दिली. कागद काउंटीच्या नोंदणी कार्यालयात पोचले, नोंद झाली. डेरेल छपरावर चढलाय.

पार्किंगमध्येही एक बदल केलाय. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाडी आता समोरासमोर लावायला सांगते. सह्या झाल्या की दोघं काचेतून एकमेकांकडे बघतात. परवा एका आजीने काच खाली करून घेणाऱ्यांना ओरडून सांगितलं, की मागच्या खोलीचा दिवा दोनदा दाबावा लागतो. मागच्या गाडीला मी थांबवून ठेवलं. हॉर्न वाजवू दिला नाही.

आत्या, मला एकच गोष्ट खाते. तू खोलीत दार लावून सुरक्षित बसली होतीस. मी तुला कामासाठी बाहेर काढलं. माझ्यामुळे झालं का हे? धंदा चालू ठेवायच्या नादात मी इथे प्रत्येक पेन पुसत बसले आणि तुला मात्र पाठवलं.

लवकर बरी हो. उत्तर लिहू नकोस, नुसती बरी हो.
तुझी, तुझीच,
थिया


ग्रीनलो
२६ मे

चि. थियास आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पण माझंच आहे. ताप गेला. चव नाही, ताकद नाही, जीव आहे.

एमोस गेला. गुरुवारी पहाटे. त्याला इस्पितळात जायचं नव्हतं. फिलिसने त्याचा पलंग खिडकीला लावून दिला होता. माझ्या पलंगावरून मला फक्त बाहेरचं गवत दिसायचं आणि क्लेटनची पाठ. घडीची खुर्ची घेऊन येऊन बसायचा तो, सकाळी कामावर जायच्या आधी आणि आल्यावर पुन्हा. तोंड खिडकीकडे, हात हलताहेत. काय सांगत असे कोण जाणे. पाऊस आला तरी छत्री धरून सांगतच होता. शेवटच्या दिवशी रात्रभर होता. सकाळी मी बघितलं तर गवतावर खुर्चीच्या पायांचे चार ठसे. मी त्यांच्याकडे बघत बसले.

आता तुझ्या प्रश्नाचं. आजार आधी स्वयंपाकघराकडच्या बाजूला आला, आमच्या सह्या होऊन गेल्यावर कितीतरी दिवसांनी. डॉक्टर असं म्हणतात, आणि ते खरं नसतं तरी माझं उत्तर हेच असतं. तू विचारलंस, मी हो म्हटलं. ते हो माझ्या मालकीचं आहे, थिया. एवढी वर्षं मालकी तपासतेस, तुला कळायला हवं. त्यावर तू हक्क सांगू नकोस.

आणि बघ, एमोस गेला तेव्हा त्याला ठाऊक होतं, की घर कुणाकडे आहे. मुलगा खोटं बोललेला त्याला ठाऊक होतं आणि ते त्याने माफ केलं होतं. मेमध्ये घरी जायची वाट बघत तो गेला नाही. हे सगळं त्या एका महिन्यात बसलं. तू धंदा बंद केला असतास तर कुठे बसलं असतं?

थकले. बाकी पुढे.
लोर्नाआत्या


लॉडर्स फेरी
२ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं वाकडं अक्षर बघून ऑफिसात एकटीच उभी राहून नाचले, मग एमोसकाकांचं वाचून खाली बसले.

क्लेटन येऊन गेला. पार्किंगमध्येच उभा होता. म्हणाला, तुमच्या आत्याला सांगा, की मी तिला कोण लागून गेली म्हटलं होतं. मी म्हटलं, ते तिला मी कळवलंय. तो म्हणाला, मग आता हेही कळवा, की ती माझी कोणीतरी लागते. एवढंच बोलला आणि गेला. आठवड्यातून एकदा प्रूइटांकडे गवत कापायला जातो म्हणे.

आणि बातमी! सोमवारपासून ग्रीनलोच्या बागेत भेटायला देणार आहेत, वेळ ठरवून, लांब बसून. मी बुधवारी दुपारी येऊ? मिठी मारायची नाही, हात धरायचा नाही, खायचं काही आणायचं नाही. म्हणजे नुसतं येऊन बसायचं. इतक्या दिवसांनी तुझ्यासमोर नुसती बसले तर मला जमेल की नाही कोण जाणे.

वाट बघते, नेहमीपेक्षा जास्त.
तुझी थिया


ग्रीनलो
५ जून

चि. थियास अनेक उत्तम आशीर्वाद.

जमेल. बुधवारी ये. मी लायलॅकच्या झुडपापाशी बसेन, चाकांच्या खुर्चीत. ते बघून घाबरू नकोस, चालायला अजून आठवडा लागेल. बारीक झालेय, तेही बघून घाबरू नकोस. तू रडलीस तर चालेल. मी बहुतेक रडणार नाही, पण खात्री देत नाही.

मास्क काढू देणार नाहीत म्हणे. त्यामुळे मी हसतेय की नाही ते तुला तिथे कळायचं नाही. म्हणून आजच लिहून ठेवते, थिया. तू फाटकातून आत येशील तेव्हापासून मी हसत असेन.

लोर्नाआत्या